अधिक-उणे किती, ते सांगा

मंडळी, बरेच दिवस मनात साठलेलं एक भांडण आज इथे मांडते आहे. विषय रुक्ष वाटेल. कॅमेऱ्याचं भिंग, त्याचा फोकस आणि त्यातली केसाच्या जाडीहूनही बारीक चूक. पण चौतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, की एक खोड लागते. चूक दिसली, की ती नक्की कोणाची हे ठरवल्याशिवाय चैन पडत नाही.

घरातल्या वाचकांना सुरुवात ठाऊक आहे. २०१६ साली आमच्या अक्काचं सहस्रचंद्रदर्शन झालं. अक्का माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, मी तिच्या कडेवर वाढलेली. निवृत्तीनंतर हौसेने घेतलेला डीएसएलआर कॅमेरा माझ्याकडे होता आणि नुकतीच त्याला एक ५० मिलिमीटरची, एफ १.८ ची लेन्स घेतली होती. माजघरात उजेड बेताचा, म्हणून लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवून मी अक्काचे सत्तावीस फोटो काढले. प्रत्येक वेळी नेम तिच्या डोळ्यावर धरला होता.

रात्री संगणकावर पाहते तर काय! कानातल्या कुड्यांचा मोती न् मोती मोजून घ्यावा इतका स्वच्छ, आणि डोळे मात्र धुक्यात. एका फोटोत नव्हे, सगळ्या सत्तावीस फोटोंत.

दुकानात गेले. तिथला मुलगा फार अदबीनं म्हणाला, "आजी, हात हलला असेल."

अरे बाळा, हात हलला असता तर कुड्याही हलल्या असत्या ना? हात काय फक्त डोळ्यांपुरता हलतो? मग तो म्हणाला, "मग नेम चुकला असेल." एकदा चुकेल, पाचदा चुकेल. कधी नाकावर जाईल, कधी कानावर. सत्तावीस वेळा एकाच बाजूला, एवढाच कसा चुकेल? वर्गात जो पोरगा दर वेळी निराळी चूक करतो तो निष्काळजी असतो. जो दर वेळी तीच चूक करतो त्याला मात्र कुठेतरी तसंच शिकवलेलं असतं. एवढं शहाणपण शिक्षकाला यायला बी.एड. लागत नाही, दोन वर्षं वर्ग सांभाळला की येतं.

घरी आले आणि लाकडी फूटपट्टी काढली. टेबलावर ती तिरकी, ४५ अंशांत टेकवली. १५ च्या आकड्याशी एक काडेपेटी उभी केली. कॅमेरा तिपाईवर, अंतर एक मीटर. काडेपेटीवर फोकस करून दहा फोटो काढले, प्रत्येक वेळी आधी फोकस मुद्दाम बिघडवून. दहाही फोटोंत १५ चा आकडा पुसट आणि १७ चा ठळक. मग डोळा लावायच्या खिडकीऐवजी मागच्या पडद्यावर बघून फोकस केला. तेव्हा १५ चा आकडा स्वच्छ! तोच कॅमेरा, तीच लेन्स, तोच म्हातारीचा हात.

असं का व्हावं, ते समजून घ्यायला मला महिना लागला. तुम्हाला दोन परिच्छेदांत सांगते.

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला उजेड आरशावर पडतो. बराचसा वर, आपल्या डोळ्याकडे जातो. आरशाचा मधला भाग मात्र अर्धपारदर्शक असतो. त्यातून गेलेला थोडा उजेड मागचा एक छोटा आरसा खाली वळवतो, आणि कॅमेऱ्याच्या तळाशी बसलेला फोकस मोजणारा भाग तो तपासतो. फोटो निघताना आरसे बाजूला होतात आणि उजेड सरळ मागच्या सेन्सरवर जातो. म्हणजे मोजणी एका वाटेवर आणि फोटो दुसऱ्या वाटेवर. दोन्ही वाटांची लांबी तंतोतंत सारखी असेल तरच मोजलेलं खरं. पडद्यावर बघून फोकस करताना माझा कॅमेरा सेन्सरवरच मोजणी करतो. वाट एकच, म्हणून चूक नाही.

आता ही चूक केवढी? पट्टीवर दोन सेंटीमीटर, म्हणजे सरळ अंतरात सुमारे दीड. उलट गणित मांडलं तर सेन्सरपाशी ती फक्त ०.०४ मिलिमीटर भरते. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड, म्हणजे जवळजवळ अर्धा केस. पण अंतर दुप्पट झालं की चूक साधारण चौपट होते. एक मीटरवर दीड सेंटीमीटर, तर दोन मीटरवर सहा. अक्का माझ्यापासून दोन मीटरवरच बसली होती. डोळ्यावर धरलेला नेम सहा सेंटीमीटर मागे सरकला, की कानाशीच पोचायचा.

इथपर्यंत माझा कोणावर राग नव्हता. जगात अचूक असं काहीच बनत नाही, हे मला माझ्या भाऊजींनी फार पूर्वी शिकवलं होतं. ते कारखान्यात टर्नर. लेथवर उभं आयुष्य गेलं. त्यांच्या हातात ड्रॉइंगचा कागद असायचा, त्यावर नुसतं '२५' कधी लिहिलेलं नसायचं. '२५, अधिक-उणे ०.०२' असं असायचं. ते म्हणायचे, "वहिनी, ज्या मापापुढे अधिक-उणे लिहिलेलं नाही, ते माप नसतं, ती थाप असते." त्यालाच ते टॉलरन्स म्हणत. एवढ्या फरकाला मुभा, त्यापुढे गेला तर माल भंगारात.

कॅमेऱ्याचंही तसंच. निकॉनच्या एफ माउंटमध्ये लेन्स बसते त्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४६.५ मिलिमीटर, कॅननच्या ईएफ माउंटमध्ये ४४. ही मापं कागदावरची. प्रत्यक्ष नगात ती शतांश मिलिमीटरांनी हलणारच. लेन्समधल्या काचा, त्यांना सरकवणारी मोटार, ते छोटे आरसे, सगळ्यांना थोडी थोडी मुभा. आणि खरी मेख पुढे आहे. समजा कॅमेऱ्याची चूक दोन घरं मागे आणि लेन्सची दोन घरं पुढे, तर जोडी झकास जमते. दोघांचीही मागेच असली तर चार घरं. कॅमेरा स्वतंत्रपणे पास, लेन्स स्वतंत्रपणे पास, जोडी नापास! छत्तीस गुण जुळले तरी संसार होत नाही तो असा. म्हणूनच दुकानदार आपल्या कॅमेऱ्यावर तुमची लेन्स लावून "बघा, चांगली आहे" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याचा कॅमेरा तुमचा नसतो, इतकंच.

मग राग कुठे आला? सेवा केंद्रात. (केंद्राचं नाव लिहीत नाही. ते नाव बदललं तरी गोष्ट बदलणार नाही.) कॅमेरा आणि लेन्स तीन आठवडे ठेवून घेतली आणि चिठ्ठी आली: 'तपासणी केली. दोन्ही वस्तू कंपनीच्या मानकांत आहेत.'

मी विचारलं, "मानक किती?"

"म्हणजे?"

"म्हणजे किती चूक चालते? आणि माझ्या लेन्सची किती निघाली?"

"ते आम्हाला सांगता येत नाही, मॅडम."

माझं भांडण या एका वाक्याशी आहे. समजा मी एखाद्या पोराच्या प्रगतिपुस्तकावर 'उत्तीर्ण' लिहिलं आणि पालकांना म्हटलं, 'गुण किती ते सांगता येणार नाही, उत्तीर्ण व्हायला किती लागतात तेही सांगता येणार नाही', तर त्यांनी मला शाळेतून हाकललं असतं. आणि बरोबरच केलं असतं.

आमचा किराणावाला बघा. त्याची वजनं ठरावीक काळाने तपासून त्यांवर शिक्का मारून घ्यावा लागतो. आपल्याकडे २००९ चा वैधमापन कायदा आहे, २०११ चे आवेष्टित वस्तूंचे नियम आहेत. एक किलोच्या पाकिटात किती तूट चालेल हे त्यात आकड्यात लिहिलेलं आहे, १५ ग्रॅम. सोळावा ग्रॅम कमी भरला तर ग्राहक बोट ठेवू शकतो. साखरेच्या पाकिटाला जी शिस्त आहे, ती हजारो रुपयांच्या लेन्सला का नसावी? माझ्या लेन्सचं खोकं, माहितीपुस्तिका, हमीपत्र, तिन्ही मी भिंग घेऊन वाचली. काचा किती, वजन किती, सगळं होतं. अधिक-उणे कुठेही नव्हतं.

'असं कोणी छापत असतं का?' असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. जर्मनीच्या लायका कंपनीने १९३० मध्ये लेन्स बदलता येणारा कॅमेरा आणला, तेव्हा कड्यापासून फिल्मपर्यंतचं अंतर सगळ्या नगांत सारखं ठेवणं त्यांना जमलेलं नव्हतं. मग त्यांनी काय केलं? लेन्स त्या त्या कॅमेऱ्याला जुळवून दिल्या आणि लेन्सवर त्या कॅमेऱ्याच्या क्रमांकाचे अंक कोरले. म्हणजे उघड सांगितलं, की बाबा रे, ही याचीच जोडीदारीण, दुसऱ्याला लावू नकोस. १९३१ मध्ये ते अंतर २८.८ मिलिमीटर असं पक्कं झालं आणि कॅमेऱ्याच्या कड्यावर '०' कोरून तेही जाहीर केलं. पुढे त्यांच्या ५० मिलिमीटरच्या लेन्सांवर एक बारीक आकडा असे. १६ असेल तर या नगाचं खरं नाभीय अंतर ५१.६ मिलिमीटर. नाव पन्नास, खरं माप एक्कावन्न पूर्णांक सहा, आणि ते ज्या त्या नगावर कोरलेलं! त्याने लेन्सची किंमत कमी झाली नाही की लोकांनी तोंडं फिरवली नाहीत.

आता कंपन्यांची बाजूही ऐकून घेऊ. नुसतं भांडायचं तर नळावर जाता येतं.

पहिली बाजू: 'फोटो नीट दिसतो की नाही हे कागदावर ठरतं.' हे खोटं नाही. फोकसच्या मर्यादेचं जुनं गणित साधारण ८ बाय १० इंचांचा छापील फोटो हातभर अंतरावरून बघण्यावर बेतलेलं आहे. त्या हिशेबाने माझ्या लेन्सला दोन मीटरवर पुढेमागे पाचेक सेंटीमीटर माफ होते. माझी चूक सहाची, म्हणजे काठावरची. 'मानकांत आहे' असं म्हणणाऱ्याने याच काठावर बोट ठेवलं असेल. पण मग जाहिरातीतही तेच सांगा ना! विकताना म्हणायचं चोवीस मेगापिक्सेल, पापणीचा केस न् केस मोजा. आणि तक्रार आली की म्हणायचं, एवढं मोठं करून कशाला बघता? विकायचा गज वेगळा आणि मोजायचा वेगळा, याला आमच्या बाजारात काय म्हणतात ते मी लिहीत नाही.

दुसरी बाजू: 'मुभा कमी केली की किंमत वाढते.' शंभर टक्के मान्य. स्वस्त लेन्सला जास्त मुभा द्या. माझी लेन्स स्वस्तातलीच होती, तिच्याकडून मी राजघराण्याच्या अपेक्षा करत नाही. मुभा कमी करा असं मी म्हणतच नाही. किती आहे ते छापा, एवढंच म्हणते. छापायला शाई लागते, नवी यंत्रं लागत नाहीत. आणि मोजायची सोय नाही असंही कोणी म्हणू नये. सिग्मा कंपनी आपल्या नव्या मालिकांच्या लेन्सांचा प्रत्येक नग जपानमधल्या आइझूच्या कारखान्यात यंत्रावर तपासल्याचं अभिमानाने सांगते. तपासला म्हणजे आकडा आला. आलेला आकडा घेणाऱ्याच्या हातात द्यायला लाज कसली?

तिसरी बाजू: 'ग्राहक गोंधळतील.' ही मला सर्वांत जास्त झोंबते. कारण या चुकीवरचा उपाय कॅमेऱ्यातच असू शकतो. मेनूमध्ये एक आकडा, उणे २० ते अधिक २०. तुमच्या लेन्सचा फोकस मागे पडतो? दोनचार घरं पुढे आणा. कॅमेरा ते त्या लेन्सच्या नावावर लक्षात ठेवतो. स्क्रू नाही, पाना नाही. २००७ मध्ये कॅननच्या वन-डी मार्क थ्रीमध्ये ही सोय आली, त्याच वर्षी निकॉनच्या डी३ आणि डी३०० मध्ये. २००८ मध्ये कॅननच्या ५०डी मध्ये होती. २०१० च्या ६०डी मधून काढली. २०१३ च्या ७०डी मध्ये परत आली! निकॉनने २०१० च्या डी७००० ला दिली, पण त्याखालच्या डी५००० च्या घराण्याला शेवटपर्यंत दिली नाही. म्हणजे तंत्र हातात होतं. ते कोणाच्या हातात द्यायचं, एवढाच प्रश्न होता. आणि उत्तर असं, की महाग घेणाऱ्याला चूक सुधारण्याचा हक्क, स्वस्त घेणाऱ्याला 'आजी, हात हलला असेल'. वास्तविक मुभा जास्त कोणाला? स्वस्त मालाला. मग दुरुस्तीची गरज जास्त कोणाला?

हा एक आकडा म्हणजे रामबाण नव्हे, हेही सांगायला हवं. झूम लेन्सची चूक दोन टोकांना दोन तऱ्हांची असू शकते. जवळ एक आणि लांब दुसरी असू शकते. २०१३ मध्ये सिग्माने लेन्स संगणकाला जोडायची एक चकती आणली, तीत चार वेगवेगळ्या अंतरांना चार वेगळ्या दुरुस्त्या घरबसल्या करता येत. २०१६ मध्ये टॅमरॉननेही तसं उपकरण आणलं. गोंधळले का ग्राहक? ज्यांना करायचं त्यांनी केलं, ज्यांना नको त्यांनी हात लावला नाही.

चौथी बाजू माझ्या भाच्याची. (भाचा, म्हणजे अक्काचा मुलगा, हे वाचणार आहे, म्हणून जपून लिहिते.) तो म्हणतो, "मावशी, आता मिररलेस आले. आरसाच नाही, तर दोन वाटाही नाहीत. तुझं भांडण संपलं." अर्धं संपलं, रे. मिररलेसमध्ये मोजणी सेन्सरवरच होते, म्हणून ही विशिष्ट चूक जवळपास गेली. पण लेन्सच्या काचा अजून माणसंच बनवतात. एखादी काच केसभर कलली की फोटोची एक बाजू स्वच्छ आणि दुसरी पुसट. अमेरिकेत लेन्सरेंटल्स ही लेन्स भाड्याने देणारी कंपनी काढणारे रॉजर सिकाला पेशाने डॉक्टर. त्यांनी एकाच लेन्सचे अनेक नग यंत्रावर तपासून किती फरक पडतो ते वर्षानुवर्षं जाहीर केलं. सगळ्या कंपन्यांच्या लेन्सांत नगानगांत फरक सापडला. जे काम बनवणाऱ्यांनी करायचं ते एका भाड्याने देणाऱ्याने केलं! शिवाय नव्यावाल्यांनी विकलेले जुने डीएसएलआर कोणाकडे गेले? शिकणाऱ्या पोरांकडे, तालुक्याच्या गावी लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडे. त्यांना कोण सांगणार, की चूक तुझ्या हाताची नाही?

खरं नुकसान इथे आहे, म्हणून इतकं लिहिते आहे. मी सत्तरीला टेकलेली, तोंडाने फटकळ, घरात फूटपट्टी असलेली बाई. मी भांडले. पण अठरा वर्षांचा पोरगा उधारीवर कॅमेरा घेतो, फोटो पुसट येतात, दुकानदार म्हणतो हात हलतो, सेवा केंद्र म्हणतं सगळं मानकांत आहे. तो बिचारा काय समजेल? आपल्याला जमत नाही, असंच समजेल. अशी पोरं मी वर्गात पाहिली आहेत. फळ्यावरचं दिसत नसायचं, चष्मा लागलेला असायचा, आणि घरीदारी 'ढ' म्हणून मार खायची. चष्मा लागला की महिनाभरात पुढच्या बाकावर. दोष डोळ्याचा असतो आणि आपण अकलेला नावं ठेवतो.

दुसऱ्या बाजूचे काही वीरही आहेत, त्यांनाही दोन शब्द. एक लेन्स घ्यायची, विटांच्या भिंतीचे दोनशे फोटो काढायचे, परत करायची, दुसरी मागवायची. पाचव्या लेन्सपर्यंत घरातल्या एकाही माणसाचा फोटो नाही. मीही तीन आठवडे काडेपेटीचेच फोटो काढत होते, तेव्हा शेवटी आमच्याकडून विचारणा झाली, "काडेपेटीचं सहस्रचंद्रदर्शन कधी?" तेव्हा चाचणी एकदा करा, नीट करा, आणि उठा. पण या वेडालाही खतपाणी त्या न छापलेल्या आकड्यानेच घातलं आहे. मर्यादा सांगितली नाही, की माणूस शून्याची अपेक्षा धरतो.

पुढे काय झालं ते सांगून संपवते. भाच्याने कॅमेरा आणि लेन्स पुन्हा नेली, या वेळी सोबत फूटपट्टीचे छापील फोटो जोडून. दोन्ही वस्तू एकत्र जुळवून द्या, असा अर्ज मी स्वतः लिहिला. दहा दिवसांनी परत आल्या. चिठ्ठीवर 'समायोजन केले' एवढेच दोन शब्द, आकडा नाहीच. घरी पट्टी लावली. १५ वर नेम धरला, १५ चा आकडा स्वच्छ. मग जी मानकांत होती, ती दुरुस्त काय केली? हे अजून कोणी सांगितलेलं नाही.

तुमच्यापैकी कोणाला असा अनुभव आला, तर कॅमेरा आणि लेन्स दोन्ही मिळून द्या, चाचणीचे फोटो जोडा, आणि चिठ्ठी हातात आली की एकच प्रश्न विचारा: अधिक-उणे किती? दहा जणांनी विचारलं तर हसतील. हजारांनी विचारलं तर छापावं लागेल.

अक्का २०१९ मध्ये गेली. तिच्या सहस्रचंद्रदर्शनाचे ते सत्तावीस फोटो माझ्याकडे आहेत. भाच्याने त्यांतला एक मोठा करून भिंतीवर लावला आहे. येणारे-जाणारे कुड्यांचं कौतुक करतात. मी दर वेळी डोळ्यांकडे बघते.